डायलवरची टिकली

कारखान्याचा भोंगा बंद झाला की आमच्याकडचा उन्हाळा खरा सुरू होतो. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या उठतात, बैलगाड्या आपापल्या मुलखाला लागतात, फडात पेटवलेल्या पाचटाचा वास आमच्या सणसरच्या चौकात रेंगाळत राहतो आणि मग सगळं कसं शांत होतं. ही शांतता फार टिकत नाही. गुढी उतरली की गावोगावच्या जत्रांचे फलक लागतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आमच्या दुकानापुढं येऊन उभ्या राहतात. आता त्यांत ऊस नसतो, साऊंडचे बॉक्स असतात.

यंदाही आल्या. परवा शटर वर केलं तर भिगवणचे पोपटराव पायरीवर बसलेले. त्यांचा स्वतःचा साऊंडचा सेट आहे, दहा गावच्या जत्रा करतात. मांडीवर अँप्लिफायर, शेजारी पिशवीत उजनीची चिलापी. मासे दिल्याशिवाय त्यांनी कधी काम सांगितलेलं नाही.

"बापू कसं हायती, वहिनी?" त्यांनी मला विचारलं. बापू माझ्या मागंच उभे होते, झाडू हातात घेऊन. माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर तो समोर उभा असतानाही त्याची चौकशी बायकोकडं करायची, हे लोकांना कोण शिकवतं कोण जाणे. माझं डोकं फिरतं अशानं. "त्यांनाच इचारा की," मी म्हटलं, "तोंड समोर धरून सावकाश बोला, कळतंय त्यांना." पोपटरावांनी मान वर केली, बापूंकडं बघून हसले आणि नुसता अँप्लिफायर पुढं केला.

लिहिताना मी त्यांना बापू म्हणतेय, कारण बारामतीपासून इंदापूरपर्यंतचे साऊंडवाले माझ्या नवऱ्याला बापूच म्हणतात. तोंडानं मी लग्नापासून फक्त 'अहो' म्हणत आले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं कऱ्हाटीच्या माहेराहून निघताना आईनं बजावून पाठवलं होतं आणि मला कधी गरजही पडली नाही. एकाच गाळ्याचे आम्ही दोन भाग केलेले. रस्त्याच्या अंगाला माझी कटलरी, म्हणजे बांगड्या, रिबिनी, पिना, टिकल्यांची पाकिटं. आतल्या अंगाला त्यांचं रिपेरिंग. मधे प्लायवूडची आडभिंत, माझ्या खांद्याएवढी. तिच्यावरून मी दिवसभर बोलायची आणि ते दिवसभर 'हं' म्हणायचे. मी बोलणारी बाई आहे, माहेरीही मला कुणी गप्प बसवू शकलं नाही. अहो, कांदे संपलेत. हं. अहो, त्या बाईनं अख्खं दुकान उपसायला लावलं आणि काही न घेता गेली. हं. अहो, ऐकताय ना? हं. निम्मा संसार आमचा त्या 'हं'वर झाला. आता आडभिंतीवरून बोललेलं पलीकडं पडतं आणि तिथंच राहतं.

मला आठवतो तो हंगाम टाळेबंदीनंतरचा. दोन वर्षं जत्रा नव्हत्या, वराती नव्हत्या, मांडव नव्हते. सगळे सेट गोठ्यात नाहीतर ताडपत्रीखाली पडून होते. मग एका चैत्रात सगळं एकदम उघडलं आणि तालुक्यातले सगळे अँप्लिफायर एका आठवड्यात आमच्या दारात आले म्हटलं तरी चालेल. कुणात उंदरांनी पिल्लं घातलेली, कुणाच्या वायरी कुरतडलेल्या. हॉर्नच्या नळ्यांत कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जळक्या रेझिनचा तो वास, सोल्डरिंगचा धूर, बाहेर पत्र्यावर तापलेलं ऊन आणि कालव्याला पाणी सुटलं म्हणून आरडाओरडा करत पळणारी माणसं. मला तो सगळा गलबला फार आवडायचा. गलबल्याशिवाय माझं चालतच नाही.

"एकट्याच्यानं उरकायचं न्हाय ह्ये," बापू म्हणाले. "मने, तू शीक."

"मी? मला फ्यूज घालता येत न्हाय."

"फ्यूज मी घालतो. तू फकस्त बघायचं."

बघायचं म्हणजे स्कोपवर. तो स्कोप त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता, शिलाई मशीनएवढा अवजड, पुढं हाताच्या पंजात मावेल एवढा पडदा आणि पडद्यावर चौकोनांची जाळी. चालू केला की जाळीवर एक हिरवी रेघ उगवायची. तारेचं टोक अँप्लिफायरमध्ये लावलं की आतला आवाज त्या रेघेत दिसायचा. बापू स्वतः त्याला फारसे विचारायचे नाहीत. ते कानानं काम करणारे. बॉक्सपुढं उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि सांगायचं, डाव्या बाजूचा खालून दुसरा फाटलाय. जत्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढं बॉक्स रचले, नारळ फुटला, बॉक्सना गुलाल लागला की पहिलं गाणं लावून लोक बापूंना पुढं उभे करायचे. मानच होता तो त्यांचा. वयाच्या विशीपासून ते त्या मानाच्या जागेवर उभे राहत आले.

पहिल्या दिवशी मी तारेचं टोक बोटानं धरलं आणि पडद्यावर जाडजूड लाटा उसळल्या. मला वाटलं मोडला. बापू पोट धरून हसले. "मोडला न्हाय. आजूबाजूच्या वायरींतली लाईट तुझ्या अंगातनं दिसतीय. आधी काळी चिमटी लाव, मग टोक."

मग शिट्टीची पेटी आली. खरं नाव सिग्नल जनरेटर, पण मी शिट्टीची पेटीच म्हणते. तिच्यावर एक मोठी गोल डायल. ती फिरवली की पेटी एकच एक सूर देते, डावीकडं घोगरा, उजवीकडं बारीक. गाणं कसं, सतत वर-खाली होतं, त्यावर काही मोजता येत नाही. म्हणून अँप्लिफायरला हा एक सूर पाजायचा आणि दुसऱ्या टोकाला तो जसाच्या तसा निघतो का ते स्कोपवर बघायचं. सुरुवातीला माझं चित्र जागेवर थांबायचंच नाही, पडद्यावरून सारखं पळायचं. "पळतंय हो," मी ओरडायची. "पळू दे. खालचं बटण सावकाश फिरव, हुबं राह्यील." आणि राहायचं. गोल गोल डोंगर, एकापुढं एक, सगळे सारखे, आवाज वाढवला की उंच, कमी केला की बुटके. पहिल्यांदा ते चित्र माझ्या हातानं थांबलं तेव्हा मी गिऱ्हाईक सोडून आत-बाहेर नाचत होते.

गंमत म्हणजे हे सगळं आवाज न करता चालायचं. स्पीकरच्या जागी चिनीमातीचे जाडजूड रेझिस्टन्स बांधून ते पाण्याच्या बादलीत सोडलेले असायचे. अख्ख्या गावाला उठवील एवढा अँप्लिफायर पूर्ण उघडायचा आणि दुकानात चिडीचूप. आवाज सगळा बादलीत. थोड्या वेळानं पाणी कोमट व्हायचं आणि त्या पाण्यानं मी चहाचे कप विसळायची. पोपटराव एकदा बघून म्हणाले, "वहिनी, आमच्या जत्रेचा आवाज भांड्यांवर घालवला व्हय?"

त्याच वेळी मला लाल दिव्याचं कळलं. अँप्लिफायर झेपेल त्यापेक्षा जास्त उघडला की स्कोपवरच्या डोंगरांचे माथे सपाट होतात, कुणी विळ्यानं छाटल्यासारखे. तेव्हा मशीनवर एक लाल दिवा लागतो. म्हणजे बास झालं, आता स्पीकर जळणार. पण आमच्याकडचे ऑपरेटर काय करतात? त्यांना तो दिवा डोळ्यांत खुपतो. ते त्यावर टिकली चिकटवतात. खोटं नाही सांगत, माझ्याच दुकानातून पाकिटं जायची. मोठी, मरून रंगाची, तीच बरोब्बर बसते. दिवा झाकला की काळजी मिटली. मग जळलेले स्पीकर घेऊन आमच्याकडं. बापू नखानं ती टिकली खरवडत त्यांना शिव्या घालायचे, "अरे, त्यो दिवा तुमच्या भल्यासाठी दिलाय. झाकून काय व्हतंय?"

मग ती दुपार. एका बॉक्सचा वरचा लहान स्पीकर बदलला होता, तो सगळे सूर काढतो का बघायचं होतं, म्हणून त्या दिवशी बादली नाही, खराखुरा आवाज. मी स्कोपपुढं, बापू डायलवर. घोगऱ्यापासून ते वर वर चालले. सूर बारीक होत गेला, पत्रा खरवडल्यासारखा झाला, माझे दात शिवशिवायला लागले. तेवढ्यात बापू म्हणाले, "बंद पडला बघ. नवाच स्पीकर, आन हितंच बंद."

"कुठं बंद? वाजतोय की."

"न्हाय वाजत."

"अहो, कान फाटायला आलेत माझे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्पीकरकडं. वाकून कान लावला. स्पीकर बदलला. वायर बदलली. पेटीचं झाकण काढून आत बघितलं, प्लग हलवला, दुसऱ्या बोर्डात घातला. हाताखालची एकेक वस्तू त्यांनी तपासली आणि मी 'वाजतंय हो, वाजतंय' म्हणत राहिले. शेवटी ते माझ्या बाजूला येऊन स्कोपपुढं उभे राहिले. पडद्यावर डोंगर होते, दाट, एकाला एक चिकटून, सगळे धडधाकट.

"सगळं बराबर हाय," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "च्या ठेव."

दोन वर्षं जग गप्प होतं हो. त्या गप्प जगात त्यांचं काय कमी झालं हे त्यांना तरी कसं कळणार आणि मला तरी कसं. मी तर आडभिंतीवरून मोठ्यानंच बोलायची.

दोन-चार दिवसांनी मी घरून डबा घेऊन आले तर ते कानाला हेडफोन लावून बसलेले. डायल केसभर इकडं, केसभर तिकडं. मधेच आवाजाचं बटण वाढवायचे, हेडफोन काढायचे, परत लावायचे. स्कोप चालूच होता आणि त्यावर रेघ नव्हती, डोंगर दाटून झालेला हिरवा पट्टा होता, पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, पडदाभर. एवढा उंच पट्टा मी तोवर बघितला नव्हता.

मी समोर जाऊन हातानं विचारलं, काय?

त्यांनी हेडफोन गळ्यात घेतले. "कानात एक शिट्टी हाय माझ्या. कितीची हाय ती बघतोय." आणि मग, चोरी सापडल्यागत हसून, "घावली. तंतोतंत घावली."

"कधीपासनं हाय?"

"लय दिस झालं. टाळेबंदीच्या आधीपासनं."

"आन मला सांगितलं न्हाय?"

"सांगून काय? तू बंद करणार व्हतीस व्हय?"

मी तेव्हा जी भडकले ती विचारू नका. डबा आपटला. म्हटलं, लोकांच्या पोरांना शिव्या देता, दिवा झाकला म्हणून. तुमचा दिवा वर्षानुवर्षं लागलाय, तुमी काय केलं? टिकलीच लावली ना? ते खाली मान घालून ऐकत होते. किती ऐकू येत होतं देव जाणे. माझं संपल्यावर ते उठले, आडभिंतीवरून हात घालून माझ्या मांडणीतलं टिकल्यांचं पाकीट उचललं, त्यातली एक बारकी लाल टिकली काढली आणि शिट्टीच्या पेटीच्या डायलवर, काटा होता तिथं, चिकटवली. "हितं हाय बघ," म्हणाले. "परत शोधायला नको." मला रडू फुटलं. रागानं फुटलं असं मी तेव्हा त्यांना सांगितलं.

बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं तर तिथंही तेच. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन, हातात बटण, ऐकू आलं की दाबायचं. बाहेरून बघताना मला मशीन ओळखू आलं. आमचीच शिट्टीची पेटी, फक्त अंगावर पांढरा रंग. बापूंनी डॉक्टरांना विचारलं, "मशीन कॅलिब्रेट कवा केलं व्हतं?" डॉक्टर हसले, म्हणाले, दर वर्षी करतो. मग कागदावर ठिपके जोडले तर रेघ डावीकडच्या घोगऱ्या सुरांना जरा बरी आणि उजवीकडच्या बारीक सुरांना खाली, एकदम खाली. हे परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि अजून कमी होत जाईल. बापू त्या कागदाकडं अशा नजरेनं बघत होते, जशी एखादी सर्किटची जळालेली प्लेट बघावी. दुरुस्तीच्या लायकीची आहे की नाही, एवढंच.

येताना एसटीत ते खिडकीतून बघत बसले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे कुणाची डाळिंबं. मी सगळ्या वाटेनं बोलत होते, कानाचं मशीन घेऊ, पुण्याला दाखवू, अमक्याच्या चुलत्याला फरक पडला. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "मोटारीच्या आवाजात कळत न्हाय मला, मने. घरी गेल्यावर सांग."

कानाचं मशीनही घेतलं. त्यानं काय झालं, तर भांडी मोठी झाली, पंखा मोठा झाला, मोटारसायकली मोठ्या झाल्या. माणसाचं बोलणं मात्र चाळणीतून पडल्यासारखं अर्धवटच. आता ते मशीन त्यांच्या डबीत फ्यूज आणि नट-बोल्टांबरोबर पडलेलं असतं.

तेव्हापासून दर चैत्रात थोडं थोडं गेलं. एका वर्षी बारामतीला कॉलेजात असलेल्या लेकीचा फोन आला की ते थोडं बोलून माझ्याकडं द्यायला लागले. पुढच्या वर्षी न बोलताच द्यायला लागले. देवळापुढं बॉक्स रचले तरी आता त्यांना कुणी बोलवत नाही, आणि बोलावलं तरी ते जात नाहीत. पोपटरावांनी एकदा हट्टानं नेलं होतं. बापू बॉक्सपुढं उभे राहिले, छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि परत येऊन मला म्हणाले, "छातीत वाजतंय. वर काय न्हाय." त्या रात्री जेवले नाहीत.

आणि यंदाच्या थंडीत उरलंसुरलं गेलं. मी 'अहो' म्हणते आणि ते वळत नाहीत. पुढं जाऊन उभं राहावं लागतं, खांद्याला हात लावावा लागतो. लोक मला समजूत घालतात, माणूस धडधाकट आहे, हातात कला आहे, अजून काय पाहिजे. मला काय पाहिजे ते मला चांगलं माहीत आहे. मला आडभिंतीपलीकडून 'हं' पाहिजे. मला त्यांच्याशी भांडायचंय, आणि भांडायलासुद्धा समोरच्याला ऐकू यावं लागतं. तोंड वळवलं की संपलं भांडण. मी एकटी काय भांडू.

मागं एकदा माईक दुरुस्त करून झाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "बोल कायतरी." स्कोप लावलेला होता. मी काय बोलणार, मी म्हटलं, अहो. परत म्हटलं, अहो, ऐकताय ना? पडद्यावर रेघ थरारली, उसळली, विस्कटली, पडली. बापू डोळे बारीक करून बघत होते. "अजून बोल." मी बोलत राहिले, कांदे, बांगड्या, सगळं बोलले. मग त्यांनी माईक बंद केला. "बोलतीयास ह्ये दिसतंय," ते म्हणाले. "पण ह्यात तू कुठली आन पोपट कुठला, ते कळत न्हाय." यंत्रानं काय काय दिसतं मला चांगलं ठाऊक झालंय आता. त्यांच्यापेक्षा जास्त वेळ मीच असते त्याच्यापुढं. माझा आवाज त्यात नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

तर परवा पोपटरावांचा अँप्लिफायर आम्ही दोघांनी मिळून केला. जळलेले ट्रान्झिस्टर बापूंनी काढले, नवे बसवले, त्यांचे हात अजून तसेच आहेत. लाल दिव्यावर जुनी मरून टिकली होती ती मी आधी खरवडून काढली. मग बादली भरली, रेझिस्टन्स सोडले, काळी चिमटी, मग टोक. डोंगर गोल आले. उघडत उघडत माथे सपाट होईपर्यंत नेलं, लाल दिवा लागला, तिथून जरा मागं घेतलं. बापूंनी अंगठा दाखवला. पोपटराव चहा पिऊन गेले. दुपार झाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बादलीतलं पाणी कोमट, आणि शिट्टीची पेटी चालूच राहिलेली.

डायलवर टिकली अजून आहे. रंग उडालाय. गोंद गेला होता तेव्हा मीच नवी लावली होती, त्याच जागी.

मनात काय आलं कोण जाणे. मी हेडफोन पेटीला लावले, डोक्यावर चढवले आणि डायल टिकलीवर आणली. त्या हंगामात त्यांनी लावलेला पडदाभर पट्टा बघितला होता, तेवढा पट्टा येईपर्यंत आवाज वाढवला. आणि अंगावर काटा आला. शिट्टी नव्हती ती. डोक्यात सळई घातल्यासारखं काहीतरी होतं, न थांबणारं, श्वाससुद्धा न घेणारं. माझे डोळे मिटले गेले. हा माणूस ह्यात जेवतो, ह्यात झोपतो, ह्यात माझ्याकडं बघून हसतो. बाकीचं सगळं गेलं आणि एवढंच त्यांच्यापाशी राहिलं. मी हेडफोन काढणार होते, पण काढवेनात. त्यांना काढता येत नाहीत, मग मी कशाला काढू.

खांद्यावर हात पडला. बापू होते. त्यांनी डायल बघितली, टिकलीवर काटा बघितला, माझं तोंड बघितलं. मग वाकून स्कोपच्या पडद्याकडं बघितलं, तो पट्टा वरपासून खालपर्यंत होता.

"एवढी न्हाय," ते म्हणाले. "कमी कर."

मी बटण थोडं मागं घेतलं. पट्टा उतरला.

"अजून."

अजून घेतलं. सळईची सुई झाली.

"अजून कर की. कितीदा सांगायचं."

पट्टा बारीक होत होत दोऱ्याएवढा राहिला. माझ्या कानात आता जेमतेम काहीतरी होतं, लांबच्या शेतातल्या रातकिड्याएवढं. बापूंनी त्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

"हां. एवढीच हाय ती. काय तरास न्हाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना माझे ओठ नीट दिसावेत म्हणून तोंड समोर धरलं, आणि सावकाश म्हटलं, "हं."